घाटशांत

“कापूर काढा. आणि काडेपेटी द्या कुणीतरी,” हौसाक्का म्हणाल्या, आणि झेंडूच्या माळांनी मढवलेल्या त्या मोटारीच्या चेपलेल्या नाकासमोर त्यांनी पदर खोचला.

मी माझ्या तितक्याच चेपलेल्या मोटारीला टेकून उभी होते. करूळ घाटातल्या एका आंधळ्या वळणावर दोन्ही गाड्यांची तोंडं एकमेकींत अडकली होती. खालून डांबरावर एक पातळ, चकाकती ओघळ उताराकडे निघाली होती, आणि निशिगंधाच्या वासावर मात करून दुसराच एक वास पसरू लागला होता. पेट्रोलचा.

मी त्या दुपारी कोल्हापुराहून कणकवलीला निघाले होते. तिथल्या महाविद्यालयात माझं व्याख्यान होतं. विषय ‘बनावट परंपरा’. जुन्या संस्कृत पोथ्यांची संपादनं करणं हा माझा व्यवसाय. मूळ ग्रंथात मागाहून कुणीतरी घुसडलेला मजकूर असतो, त्याला आम्ही प्रक्षिप्त म्हणतो. तो हुडकायचा आणि निर्दयपणे कापून तळटीपेत टाकायचा, यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. पुरातन म्हणून मिरवणारी कितीतरी व्रतं प्रत्यक्षात कुणा छापखानेवाल्याच्या डोक्यातून निघाली आहेत, हे मी एका जाडजूड पुस्तकात सिद्ध केलं होतं. त्या पुस्तकामुळे मला शत्रू भरपूर मिळाले, वाचक बेताचे.

समोरची मोटार नवरानवरीची होती. वैभववाडीकडे लग्न लावून वऱ्हाड वर गगनबावड्याच्या बाजूला परतत होतं. मागच्या आसनावर नवरा, अजिंक्य चौगले, आणि त्याची काही तासांपूर्वीच चौगले झालेली बायको, दर्शना. पुढे अजिंक्यची आत्या हौसाक्का, आणि चालवायला चुलतभाऊ बंडू. उरलेलं वऱ्हाड मागच्या जीपमध्ये. त्यात दिनकरमामा, एक फोटोग्राफर आणि दोन हलगीवाले. मोटार वळणावर आपली बाजू सोडून सरळ माझ्या बाजूला आली. मी ब्रेक दाबून, दरीच्या कठड्याला चिकटून जवळपास थांबलेच होते, म्हणून धडक थोडक्यात निभावली. बंडूचं कपाळ फुटलं होतं आणि मान अवघडली होती. बाकीचे हादरले होते, पण धड होते.

पहिला प्रश्न कुणाला काय लागलं हा असायला हवा होता. हौसाक्कांचा पहिला प्रश्न वेगळा होता.

“उंबरा वलांडायच्या आधीच गाडी फोडली हिनं!”

“आत्या, गाडी बंडू चालवत हुता,” अजिंक्य म्हणाला.

“बंडू रोज चालवतोय. ह्याच घाटातनं, हीच गाडी. आज गाडीत नवं काय हाय? तूच सांग की.”

तर्कशास्त्राच्या परीक्षेत मी याहून वाईट युक्तिवादाला गुण दिलेले आहेत. मात्र त्या दिवशी गाडीत नव्या गोष्टी दोन होत्या. एक ती मुलगी. दुसरा म्हणजे पुढच्या काचेवर वरपासून खालपर्यंत सोडलेला निशिगंधाचा पडदा. त्यातून बंडूला रस्ता दिसत होता की नाही, हे त्या पडद्यालाच ठाऊक.

“ह्या माळा काचेवर कुणी सोडल्या?” मी विचारलं.

“मी सोडल्यात,” हौसाक्का अभिमानानं म्हणाल्या. “सकाळी उठून, माझ्या हातानं.”

जीपमधून उतरलेल्या बायका आता दर्शनाकडे पाहत होत्या. ती दार उघडून रस्त्यावर उतरली होती, हिरव्या चुड्याचे हात पोटाशी घट्ट धरून. त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. एका मुलीला आयुष्यभरासाठी एक नाव मिळत होतं. यापुढे त्या घरात म्हैस आटली, पाऊस लांबला, कुणाचं पोर नापास झालं, तरी बोट हिच्याकडेच वळणार होतं. खुनाला निदान कायद्यात कलम आहे. याला ‘पायगुण’ असा एक गोडसा शब्द आहे.

मला राग आला की माझा आवाज चढत नाही. तो बारीक आणि स्वच्छ होतो. माझे विद्यार्थी त्या आवाजाला घाबरतात.

“बाई,” मी त्या आवाजात म्हणाले, “पेट्रोल गळतं आहे. इथे काडी ओढू नका.”

“तुमी घाबरू नगासा. तुमची गाडी बी हिच्याच पायानं फुटली. तुमच्यावरनं बी उतरवते. हितं उभ्या ऱ्हावा.” त्यांनी कनवटीची मीठमोहऱ्यांची पुडी सोडली. बंपरला बांधलेल्या लिंबाखालच्या मिरच्या कुणीतरी तोडून दिल्या. कापराची वडी डांबरावर ठेवली गेली, त्या चकाकत्या ओघळीपासून हातभर अंतरावर.

“भडका उडेल हो!”

“दिष्ट जळतीया म्हटल्यावर भडका उडणारच की.”

दिनकरमामांनी खिशातून काडेपेटी काढून हौसाक्कांच्या हातात दिली. त्यांच्या स्वतःच्या ओठांत बिडी होती. तीही काडीची वाट पाहत होती.

विवेकाचा मार्ग तिथे संपला. माझ्या जाड पुस्तकातला एकही युक्तिवाद काडी ओढायच्या आत पूर्ण होण्यासारखा नव्हता. मी दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात, संथ लयीत म्हणायला सुरुवात केली:

“वृन्ताकं वह्निना दग्ध्वा त्वचं निष्कास्य यत्नतः…”

हौसाक्कांचा हात जागच्या जागी थांबला.

“दध्ना राजिकया युक्तं लवणेन च मर्दयेत्!”

घाटात आवाज घुमतो. तो दरीत उतरून पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला, तेव्हा एखादा ऋषी तिथून दुजोरा देत असावा असं वाटलं. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

“काय म्हणायल्यात त्या?” कुणीतरी कुजबुजलं.

“मंत्र हाय. वन्हीचं नाव आलं, ऐकलं न्हाईस?”

“दृष्ट माणसाची काढतात,” मी हात खाली न करता म्हणाले. “वाहनाची शांत करतात. आणि या शांतीत अग्नी वर्ज्य आहे. काडी जरी ओढली तरी सगळं उलटतं.”

“ह्ये आमाला आजवर कुणी सांगितलं न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या. पण काडी त्यांनी पेटीत परत घातली.

“म्हणून मी सांगते आहे.”

“पोथीत हाय?”

“श्लोक पोथीतला आहे. पोथी पुण्यात आहे.”

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. हौसाक्कांनी क्षणभर माझं निरीक्षण केलं. पांढरे होऊ लागलेले केस, जाड चष्मा, कपाळावर काही नाही. मग निर्णय झाला.

“बाई संस्कृतातल्या दिसत्यात,” त्यांनी जाहीर केलं. “मामा, बिडी टाका ती. सांगा गुरुबाई, काय काय करायचं?”

मी गुरुबाई झाले, आणि मला कबूल केलं पाहिजे, त्या पदाची चव प्राध्यापकपदाला कधीच आली नाही.

“प्रथम अग्निशमन,” मी म्हणाले. “दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या फिरवून काढून घ्या. जीपची पण. सगळ्यांनी गाड्यांपासून दूर, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला बसायचं. ओघळीवर माती टाका.”

किल्ल्या निघाल्या. माणसं हलली. म्हातारा ओंजळीनं माती आणू लागला.

“आता अंगन्यास. गाडीत जे जे होते त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत हात लावून विचारायचं, कुठे दुखतं. हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईनंच करायचं असतं.”

“मी करते,” हौसाक्का म्हणाल्या, आणि त्यांनी बंडूपासून सुरुवात केली. त्याला हात लावल्याबरोबर तो कळवळला. “आक्का, मान!”

“ज्याची मान दुखते त्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही. डॉक्टर येईपर्यंत त्याला मौन. आणि कपाळावर स्वच्छ कापड दाबून धरायचं, सोडायचं नाही.”

“ह्येला मौन? लहानपणापास्नं जमलं न्हाई कुणाला,” मामा म्हणाले, आणि त्या वळणावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

“तुम्ही, मामा, दिक्पाल.”

“मी?”

“दिशांचे रक्षक. वरच्या वळणाच्या पलीकडे एक आणि खालच्या वळणाच्या पलीकडे एक. हातात तांबडं वस्त्र. गाडी दिसली की ते फडकवायचं. शांत पुरी होईपर्यंत जागा सोडायची नाही.”

मामांनी नवरदेवाच्या खांद्यावरचा तांबडा शेला ओढून घेतला आणि ते वरच्या वळणाकडे जवळजवळ पळत निघाले. खाली एका हलगीवाल्याला पाठवलं, हलगीवरचा लाल रुमाल सोडून हातात देऊन.

“आता साक्ष,” मी फोटोग्राफरला म्हणाले. “गाड्या जिथे आहेत तिथे, हलवायच्या आधी, चारही दिशांनी. चाकांच्या खुणा घ्या. नंबर घ्या. आणि ही काच घ्या. फुलांसकट.”

त्यानं काचेचे फोटो घेतले. हौसाक्का अंगन्यास करता करता तिकडे पाहत होत्या. दर्शनाची पाळी आली, तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला जाईना.

तेवढ्यात मी श्लोक पुन्हा म्हटला. विधी रेंगाळला की मंत्र म्हणावा, एवढं पौरोहित्य मलाही समजतं. दर्शनानं मान वर केली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. ‘मर्दयेत्’ला तिनं झटकन पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलू लागले. मुलगी अखेर रडली, असं मला वाटलं, आणि माझा आवाज आणखी बारीक झाला.

त्याच वेळी वरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

उतारावरून, भरलेला. पाठोपाठ मामांची आरोळी आणि ब्रेकची लांबलचक किंकाळी. आम्ही सगळे डोंगराला चिकटलो. वळणावरून ट्रकचं तोंड हळूच बाहेर आलं आणि आमच्या गाड्यांच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, फुसकारत थांबलं. ट्रकच्या पुढे तांबडा शेला फडकवत दिनकरमामा उलटे चालत येत होते, सेनापतीच्या थाटात.

“थांबवला! गुरुबाई, म्या थांबवला!”

चालकानं खाली उडी मारली. त्यानं आधी गाड्यांकडे पाहिलं, मग दरीकडे, आणि मग कपाळाचा घाम पुसला. “मामा दिसलं नसतं तर सगळ्यांना घिऊन खाली गेलो असतो,” तो म्हणाला. घाटात तेव्हा मोबाइलला रेंज नसे. पायथ्याच्या चौकीवर खबर देण्याचं आणि डॉक्टर पाठवण्याचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं.

“बघितलंसा मंत्राचा गुण?” टोपी काढलेला म्हातारा म्हणाला.

मंत्राचा नव्हे, तांबड्या कापडाचा. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं, कारण हौसाक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडला होता.

“शांत झाली, ते बरं झालं. पण गुरुबाई, गाडी फुटली ती फुटलीच न्हवं? ह्या पोरीच्या पायाचं काय? पोथीत त्याचं काय लिवलंय?”

सगळे ऐकत होते. अजिंक्यनं दर्शनाचा हात धरला, चारचौघांत, हे त्या गावाच्या हिशेबानं मोठंच धाडस होतं.

“तुमची गाडी कुठे निघाली होती, ते बघा,” मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. मोटारीचं नाक माझ्या मोटारीत रुतलं होतं. माझ्या मोटारीच्या पलीकडे एक मोडका कठडा होता, आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं. फार खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

“समोरून दुसरी एकही गाडी येत नव्हती. नेमक्या त्याच क्षणी, नेमक्या त्याच जागी माझी गाडी कुणी आणून उभी केली? तुम्ही म्हणालात, आज गाडीत नवं काय होतं. मीही तेच विचारते.”

हौसाक्का दरीकडे पाहत राहिल्या. दोन्ही विधानं सारखीच निराधार होती; माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं काही लिहिलं असतं तर मी पान फाडून परत दिलं असतं. पण एका विधानाखाली एक मुलगी जन्मभर चिरडली गेली असती, आणि दुसऱ्यावर बसून ती घरी जाणार होती.

“आत्ता ग बया,” हौसाक्का हळूच म्हणाल्या. मग वळल्या, दर्शनाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. “लक्ष्मी हाय माझी! सगळ्यांस्नी वर काढलं पोरीनं!”

मग त्या थेट मोटारीपाशी गेल्या आणि निशिगंधाचा पडदा त्यांनी स्वतःच्या हातांनी टराटरा ओढून काढला. हलगी सुरू झाली. ट्रकवाल्यानं हॉर्नवर ताल धरला. मौनातला बंडू बोटांनी ठेका देत होता. खालून पोलीस आणि डॉक्टर आले, तेव्हा त्यांना घाटात एक अपघात आणि एक वरात अशा दोन गोष्टींची नोंद एकदम करावी लागली. पोलीससाहेबांनी फोटो पाहिले आणि ते म्हणाले, एवढं शिस्तीत काम आपल्या घाटात कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

बंडूला डॉक्टरांच्या गाडीतून नेलं. नवरानवरी जीपमधून जाणार होती. जीपची पुढची बैठक हौसाक्कांची हे न सांगता ठरलेलं होतं. हौसाक्कांनी तिचं दार उघडलं आणि दर्शनाला आत बसवलं.

कणकवलीला मी पोलिसांच्या गाडीतून उशिरा पोहोचले आणि बनावट परंपरांवर कडाडून बोलले. बाई आज फारच खुशीत होत्या, असं आभार मानणारे गृहस्थ म्हणाले.

बरीच वर्षं लोटली. गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्याच घाटातून खाली उतरत होते. माथ्याच्या जरा खाली, वळणाआधी, एक तरुण तांबडं फडकं फडकवत आडवा आला.

“बाई, गाडी बाजूला घ्या. पुढं टेंपो कलंडलाय. शांत चालू हाय.”

“कसली शांत?”

“घाटशांत. तुमच्याकडं न्हाई व्हय? लई जुनी हाय.”

“किती जुनी?”

“गाड्या यायच्या आधीपास्नं.”

माझ्या अंगात तो जुना, बारीक राग सरसरला. अपघातानंतरची शांत, गाड्या येण्याच्या आधीपासून! मी उतरून वळणापर्यंत चालत गेले. दुधाचा टेंपो चरात टेकला होता. किल्ली काढलेली होती. माणसं डोंगराकडच्या अंगाला बसली होती. चालक निश्चल पडून होता आणि एक बाई त्याच्या कपाळावर कापड दाबून धरून होती. दोन पोरी मोबाइलवर चारही दिशांनी फोटो काढत होत्या. ओघळीवर माती होती. आणि मधोमध, काठीला टेकून, पांढऱ्याशुभ्र केसांच्या हौसाक्का हुकूम सोडत होत्या.

त्यांनी मला ओळखलं नाही. नजर बरीच गेली असावी.

“नुसतं बघत काय उभ्या? ह्ये काय शिनेमा हाय? खालच्या वळणाला दिक्पाल कमी पडलाय. हे घ्या.” एक तांबडी ओढणी माझ्या हातात आली. “आणि जागा सोडायची न्हाई. पोथीत लिवलंय. तुमा शहरातल्या बायकांस्नी काय ठावं असणार!”

चारशे पानांचं पुस्तक लिहिलेली मी खालच्या वळणाला जाऊन उभी राहिले, आणि जागा सोडली नाही. एक एस्टी थांबवली. दोन मोटारी थांबवल्या. वरून एका स्त्रीचा स्वच्छ, ठाम आवाज घाटात घुमत होता: वृन्ताकं वह्निना दग्ध्वा. एकही अक्षर चुकत नव्हतं.

शांत संपल्यावर कुणालाही जाऊ दिलं नाही. घाबरलेल्या माणसानं पोटात काही गेल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असाही नियम होता. तो माझा नव्हता, पण असायला हवा होता. माथ्यावरच्या चौगल्यांच्या घरी सगळ्यांना नेलं. अंगणात पंगत बसली. पत्रावळीवर गरम भाकरी आली, आणि भाकरीवर पळीभर प्रसाद वाढला गेला.

मी पत्रावळीकडे पाहत राहिले. विस्तवावर भाजून, साल काढून, दही, मोहरी आणि मीठ घालून कुस्करलेलं वांगं.

वाढणारी स्त्री माझ्यासमोरच थांबली होती. हातात चुड्याऐवजी दोनच हिरव्या बांगड्या होत्या, पण चेहरा तोच.

“हा प्रसाद कुणी सांगितला?” मी विचारलं.

“तुम्हीच, मंत्रात,” दर्शना म्हणाली. “बारावीला शंभर मार्कांचं संस्कृत होतं माझं. आता इथल्या शाळेत शिकवते. वृन्ताक म्हणजे वांगं, एवढं त्या दिवशीही येत होतं.”

“म्हणजे तू तेव्हा… पदराआड…”

“रडत नव्हते हो. एवढी माणसं हात जोडून भरताची कृती ऐकतायत आणि तुम्ही यमासारख्या उभ्या! आणखी एकदा म्हणाला असतात तर मी मोठ्यानंच हसले असते, आणि मग माझं काही खरं नव्हतं.”

“आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस?”

“ह्यांना त्याच रात्री सांगितलं. आक्कांना पुढं चार वर्षांनी.”

“मग?”

“आक्का म्हणाल्या, मंत्राला अर्थ असतो हे चांगलंच झालं, आता प्रसाद काय करायचा ते कळलं.” ती बाजूला उकिडवी बसली. “खा ना. निवतंय. तुमचं पुस्तक वाचलंय मी. म्हणून भीती वाटतेय तुम्ही काय म्हणाल त्याची.”

मी घास घेतला. माझ्या सगळ्या आयुष्याची सवय जिभेवर आली.

“मूळ पोथीत कांदा नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे. तो आक्कांचा. प्रक्षिप्त.”

ओसरीवरून हौसाक्का ओरडल्या, “काय म्हणतीया ती दिक्पाल बाई? कमी पडलंय का? वाढ गं तिला आणखी!”

मी पत्रावळ पुढे केली. प्रक्षिप्त भाग मूळ संहितेहून सरस होता, हे मी अजून कुठेही छापलेलं नाही.